पाहुण्याची वही

रायपूर स्थानकाच्या पलीकडे, रुळांच्या दुसऱ्या अंगाला, गुढियारी ही वस्ती आहे. घाऊक मालाच्या उलाढालीसाठी ती दीर्घ काळ ओळखली गेली. अशा पेठेत आलेल्या प्रत्येक पोत्याची नोंद होते. माल कोठून आला, कोणाला गेला, कोणाकडे किती येणे राहिले, हे सारे वहीत चढते. याच शहरातून दक्षिणेकडे बस्तरच्या अरण्याची वाट फुटते. त्या वाटेने मालाबरोबर माणसेही जात आली आहेत: धर्मोपदेशक, अधिकारी, संशोधक, समाजसेवक आणि अलीकडच्या काळात हौशी प्रवासी. यांच्यापैकी पुष्कळांनी आपापली वही ठेवली. अरण्यात काय दिसले, काय सोसावे लागले, काय करता आले, याचे वृत्तांत त्यांनी लिहिले. मात्र पेठेतल्या वहीला दोन बाजू असतात, आणि या वृत्तांतांना बहुधा एकच असते. सेवेसाठी परमुलखात गेलेल्या माणसाला त्या मुलखाने जे दिले, ते कोणाच्या खाती मांडायचे, हा नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न आहे. त्याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. वास्तविक या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्या अगदी निकटचे आहे.

अरण्य आणि परदेशातील धर्मकार्य यांचा संबंध रायपूरच्या इतिहासात एका वेगळ्या रीतीनेही आलेला आहे. 1877 मध्ये नरेंद्रनाथ दत्त हा चौदा वर्षांचा मुलगा कुटुंबाबरोबर कलकत्त्याहून रायपूरला आला. त्या काळी रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती. गुढियारीच्या कडेचे रूळ पुढच्या दशकातले. शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीने, घनदाट रानातून पार करावा लागला. वाटेत डोंगराच्या एका कपारीत लटकलेले प्रचंड मधाचे पोळे पाहून त्या मुलाचे देहभान हरपले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सोळा वर्षांनी, 1893 मध्ये, हाच मुलगा स्वामी विवेकानंद म्हणून शिकागोच्या व्यासपीठावर उभा होता. आणि भुकेलेल्या देशाला अन्न हवे असताना त्याला धर्म देऊ पाहणाऱ्या मिशनऱ्यांना त्याने तेथे खडे बोल ऐकवले. त्या मुलाला रानात जे लाभले त्याचा हिशेब कोणी मागितला नाही, कारण तो रानाला काही द्यायला निघाला नव्हता. बैलगाडीतल्या मुलाचे विस्मित होणे निर्दोष असते. परोपकाराच्या प्रतिज्ञेने निघालेल्या प्रौढाचे विस्मित होणे तसे निर्दोष राहते काय?

तीर्थयात्रेच्या बाबतीत ही अडचण उद्भवत नाही. पंढरीला किंवा काशीला जाणारा माणूस स्वतःच्या पुण्यासाठी जातो, आणि तसे उघड सांगतो. विठोबाचे भले करायला आपण चाललो आहोत, असे कोणताही वारकरी म्हणणार नाही. सेवेच्या यात्रेचे तसे नाही. तिचा घोषित हेतू दुसऱ्याचे कल्याण हा असतो, आणि परतलेला यात्रिक मात्र जवळजवळ नेहमी एकच वाक्य बोलतो, की आम्ही द्यायला गेलो आणि घेऊनच आलो. हे वाक्य नम्रतेचे मानले जाते. बहुतेक वेळा ते प्रामाणिकही असते. पण त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर तो कर्जाचा कबुलीजबाब ठरतो. कर्ज घेतल्याचे सांगून जो तेथेच थांबतो, त्याच्या नम्रतेचे मोल किती?

जे उदाहरण वर सूचित केले ते व्हेरिअर एल्विन आणि शामराव हिवाळे यांचे. एल्विन यांचा जन्म 1902 चा, इंग्लंडमधला, शिक्षण ऑक्सफर्डचे. अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू म्हणून दीक्षा घेऊन 1927 मध्ये ते पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले. येथल्या ख्रिस्ती जीवनाला भारतीय रूप द्यावे, या हेतूने जॅक विन्स्लो यांनी हा संघ 1922 मध्ये स्थापन केलेला होता. पुण्यातच एल्विन यांना शामराव भेटले. पुढे साबरमतीला गांधीजींचा सहवास घडला, राष्ट्रीय चळवळीची ओढ लागली, आणि वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी सुचवल्यावरून गोंडांमध्ये काम करण्याचा निश्चय झाला. 1932 च्या आरंभी हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया या गावी येऊन राहिले. तेथे शाळा निघाल्या, औषधांची सोय झाली, कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. नागपूरच्या बिशपांनी सरकारशी निष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती दिली नाही. गोंडांना ख्रिस्ती करण्याचा विचारही त्यांनी सोडून दिला, आणि 1935 मध्ये ते चर्चमधून बाहेर पडले. धर्मप्रसारासाठी निघालेला माणूस तीन-चार वर्षांत धर्मप्रसारक उरला नाही. हे कसे घडले, हा या कथेतला खरा विचारणीय भाग आहे.

त्याचा उलगडा काही अंशी एल्विन यांच्या ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ या 1936 साली प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीत होतो. मिशनच्या अहवालांचा गंभीर सूर या पुस्तकात औषधालाही सापडत नाही. चिखल, ताप, साप, जादूटोणा, पाहुण्यांच्या तऱ्हा आणि स्वतःची फजिती यांच्या हकिगती त्यात मिस्कीलपणे येतात. लेखक मजेत आहे, हे कोणत्याही पानावर कळते. कर्तव्यबुद्धीच्या नीतीला ही मजा खटकावी. दुष्काळ, रोगराई आणि जंगल खात्याचा जाच सोसणाऱ्या लोकांमध्ये राहून परक्याने आनंदात असावे, यात काही अशोभनीय आहे, असे तिला वाटणार. परंतु या विशिष्ट प्रकरणी ती नीती चुकते. एल्विन यांच्यातल्या सुधारकाचा शिष्य झाला तो या आनंदामुळेच. करंजियाला येताना त्यांच्या गाठोड्यात संन्यस्त ख्रिस्ती व्रते होती आणि आश्रमी गांधीवादही होता. जेथे कापूस पिकत नाही तेथे चरख्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, आणि ज्या समाजाच्या जन्म-मरणाच्या प्रत्येक विधीत मोहाची दारू लागते तेथे दारूबंदीचा उपदेश म्हणजे त्या समाजाला स्वतःची लाज वाटायला शिकवणे आहे, हे त्यांना पुस्तकातून समजले नाही. गोंडांबरोबर नाचता-गाता ते समजत गेले. ज्याला दुसऱ्याच्या घरी आनंद होत नाही, तो ते घर पाडून नवे बांधायला अधिक उत्सुक असतो. मिशनांच्या आणि समाजसुधारणेच्याही इतिहासात अशा निरानंद परोपकाराने किती गाणी बंद पाडली, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

येथवर आनंदाची बाजू झाली. पण आनंदालाही लोभ असतो, आणि तो सेवेच्या लोभापेक्षा ओळखायला कठीण. जे आवडले ते आहे तसेच राहावे, ही इच्छा पाहुण्याच्या मनात हळूच शिरते. 1939 मध्ये एल्विन यांचा बैगा जमातीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. धरणीमाता ही आई आहे, नांगराने तिची छाती फाडू नये, या श्रद्धेने बेवर म्हणजे फिरती शेती करणाऱ्या बैगांना इंग्रजी अमलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘बैगा चक’ नावाच्या मर्यादित पट्ट्यात कोंबले होते. त्याचे परिणाम एल्विन यांनी हृदयद्रावक तपशिलाने मांडले. परंतु उपाय म्हणून त्यांनी बैगांसाठी एक प्रकारचे राष्ट्रीय उद्यान असावे, अशी सूचना केली, आणि तेथे त्यांनी टीकेला मोठाच वाव दिला. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा घडवणारे डॉ. गो. स. घुर्ये यांनी 1943 मधील आपल्या ग्रंथात या दृष्टिकोनाचा कठोर समाचार घेतला. आदिवासींना शेष समाजापासून वेगळे राखण्याची कल्पना त्यांना अशास्त्रीय आणि अनिष्ट वाटली. हे लोक मागासलेले हिंदूच होत, असा त्यांचा पक्ष होता.

या वादात घुर्ये यांची बाजू पूर्णतः मान्य करणे कठीण आहे. ‘मागासलेले हिंदू’ या वर्गवारीत बैगाचे म्हणणे कोठेच ऐकू येत नाही. त्याला सामावून घेण्याचा निर्णयही त्याच्या वतीने दुसऱ्यानेच घेतलेला असतो. आणि संपर्काने आदिवासी खचतो आहे, हे 1941 च्या ‘लॉस ऑफ नर्व्ह’ या पुस्तिकेतले एल्विन यांचे निदान पुढच्या काळाने खोटे ठरवलेले नाही. तरीही घुर्ये यांनी एका मर्मावर नेमके बोट ठेवले होते. उद्यान ही कल्पना पाहणाऱ्याच्या सोयीची असते. उद्यानातल्या झाडाला बाहेर जाण्याची इच्छा होत नाही, माणसाला होते. एल्विन यांनी स्वतः ती सूचना नंतर सोडून दिली, हे त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. बस्तरमधील मुरियांच्या घोटुलावरील त्यांचा 1947 चा बृहद्ग्रंथ याच द्विधेत सापडतो. तरुण-तरुणींच्या त्या संस्थेचे इतके सहृदय आणि तपशीलवार वर्णन अन्यत्र नाही. पण त्या वर्णनानंतर घोटुल जगाच्या कुतूहलाचा विषय झाला, आणि कुतूहलाला ग्रंथकाराची सहृदयता वारशाने मिळत नाही. रायपूरहून कोंडागावच्या रस्त्याने पुढच्या काळात जे कॅमेरे गेले, त्यांतल्या बहुतेकांना चेलिक आणि मोटियारी यांच्या शिस्तीशी, कामाच्या वाटणीशी कर्तव्य नव्हते. लेखकाने जपून ठेवलेली वस्तू त्याच्याच पुस्तकामुळे उघड्यावर पडावी, हा अपराध म्हणता येणार नाही. मात्र तो ऋणाचा भाग निश्चित आहे.

या ऋणाची सर्वांत दुःखद नोंद कोसी यांच्या नावावर आहे. एल्विन यांच्या शाळेत शिकलेली ही राजगोंड मुलगी. 1940 मध्ये दोघांचा विवाह झाला. वयात फार मोठे अंतर होते. त्या काळच्या गोऱ्या समाजाची पर्वा न करता गोंड मुलीशी विधिवत लग्न करण्यात धैर्य होते, यात शंका नाही. 1949 मध्ये घटस्फोट झाला. 1953 मध्ये एल्विन यांनी प्रधान समाजातील लीला यांच्याशी विवाह केला, आणि पुढच्या वर्षी ते शिलाँगला गेले. कोसी मागे राहिल्या, आणि एकविसाव्या शतकापर्यंत जगल्या. एल्विन यांच्या आत्मचरित्रात या विवाहाला मिळालेली जागा अगदी थोडी आहे. वेदनेने आणि अपयशाच्या जाणिवेने ते तेथून लगबगीने पुढे सरकतात. त्यांचे मौन समजून घेता येते. वाङ्मयाच्या अभ्यासकाने मात्र ते मौन नोंदवले पाहिजे. ज्या लेखकाने मुरिया मुलामुलींच्या प्रेमसंबंधांवर शेकडो पाने लिहिली, त्याच्या स्वतःच्या घरातली गोंड स्त्री त्याच्या वहीत काही ओळींची झाली. परक्या मुलखातले साहस अंगलट आले तर साहसी माणसाला परतीची किंवा पुढची वाट मोकळी असते. ज्यांच्या मुलखात ते साहस घडले, त्यांना तेथेच राहायचे असते.

शामरावांची गोष्ट वेगळ्या अर्थाने अन्यायाची आहे, आणि मराठी वाचकाने तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही खेदाची बाब होय. गावकरी एल्विन यांना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणत. संस्थेचा रोजचा व्याप, औषधपाणी, तंटेबखेडे, पैशाची ओढाताण, यांचा मोठा भार या छोट्या भावाने उचलला. तो उचलला गेला म्हणूनच थोरल्याला बस्तरपासून ओरिसापर्यंत फिरून ग्रंथामागून ग्रंथ लिहिता आले. शामराव लिहिणारे नव्हते असे नाही. गोंडी गीतांच्या 1935 मधील इंग्रजी संग्रहावर एल्विन यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील प्रधानांवर त्यांनी लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ 1946 चा. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले, आणि ते एल्विन यांच्याविषयी होते. शामरावांविषयी तसे पुस्तक कोणी लिहिले नाही. प्रत्येक साहसकथेत असा एक सोबती असतो, ज्याच्यावाचून नायक पहिल्याच पावसाळ्यात परतला असता. वाचकाला तो आवडतो आणि पुस्तक मिटताच विसरतो. एल्विन निघून गेल्यावरही शामराव पाटणगढ सोडून गेले नाहीत. साहस संपल्यावर जे उरते त्याला काय म्हणावे, यासाठी प्रवासवर्णनाच्या परिभाषेत शब्द नाही. संसार हा शब्द कदाचित जवळचा ठरेल.

एल्विन यांचा उत्तरकाळ येथे थोडक्यात पुरे. 1954 मध्ये ते भारताचे नागरिक झाले आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, प्रशासनाचे आदिवासी विषयांचे सल्लागार बनले. मध्य भारताच्या सालवनातून ते खऱ्या अर्थाने वर्षावनाच्या आणि हिमशिखरांच्या मुलखात आले. ‘अ फिलॉसफी फॉर नेफा’ हे त्यांचे 1957 चे पुस्तक नेहरूंच्या प्रस्तावनेसह अधिकाऱ्यांच्या हाती पडले. त्याचे सार असे, की बाहेरची माणसे थोडी जावीत, सावकाश जावीत, आणि शिकवण्याआधी शिकावे. पूर्वीच्या उद्यानाच्या कल्पनेतून जे ग्राह्य होते तेवढे येथे टिकले आहे, असे म्हणता येईल. 22 फेब्रुवारी 1964 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी प्रकाशित झालेल्या आत्मचरित्राला 1965 चा साहित्य अकादेमी पुरस्कार मरणोत्तर लाभला.

आज सेवायात्रेचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. संपन्न देशांतील तरुण दोन-तीन आठवड्यांसाठी आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत जातात. शाळेची भिंत बांधतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढतात, शेवटचे दोन दिवस वर्षावनात भटकंती करतात आणि परततात. परदेशी वाढलेल्या मराठी घरांतली मुलेही यात असतात. त्यांना हसणे सोपे आहे, पण योग्य नाही. वीस वर्षांच्या मुलाला जगाचे दैन्य एकदा डोळ्यांनी दिसावे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. दोष असलाच तर तो या उपक्रमांच्या नावात आहे. या संदर्भात बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या छावणीचे नाव मुद्दाम आठवावे. ‘श्रमसंस्कार’ या शब्दात संस्कार कोणावर व्हायचा आहे, हे आडपडदा न ठेवता सांगितलेले आहे: तो छावणीत येणाऱ्या तरुणावर. नावातच जमेची बाजू कबूल केल्यामुळे त्या छावणीला परोपकाराचे ढोंग करावे लागत नाही. बस्तरला लागून असलेल्या भामरागडच्या रानात, हेमलकसा येथे, 1973 पासून डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी जे केले ते मात्र निराळ्या जातीचे आहे. तेथे यात्रा उरलेलीच नाही, मुक्काम आहे. आणि मुक्कामाला साहस म्हणण्याची पद्धत नाही, साप आणि हिवताप तेच असले तरी.

मुदत हाच नीतीचा निकष मानावा, असा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे, कारण पिढ्यान्‌पिढ्या अरण्यात मुक्काम ठोकून आदिवासीला नागवणारे सावकारही होतेच. निकष दुसरीकडे शोधावा लागतो. ज्यांच्याविषयी वही लिहिली गेली, त्यांना उलट दिशेने प्रवास करता आला काय, आणि त्यांची वही कोणी वाचली काय?

या प्रश्नाचे उत्तर, योगायोगाने, पाटणगढनेच दिले आहे. आणि ते एकरंगी नाही. याच गावात 1962 च्या सुमारास जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक. देवांच्या आणि राजांच्या कथा गाणे हा त्यांचा वृत्तिधर्म. गाण्यातली ती सृष्टी जनगढ यांनी भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांच्या आश्रयाखाली कागदावर आणि भिंतीवर उतरवली. 1989 मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. 2001 मध्ये जपानमधील एका संग्रहालयाच्या निमंत्रणावरून ते तेथे चित्रे काढण्यासाठी गेले असता त्यांनी आपले जीवन संपवले. परमुलखातला एकांत एल्विन यांनाही सोसावा लागला होता, पण त्यांच्यासोबत शामराव होते. जनगढ यांच्याबरोबर तेथे त्यांचा कोणी शामराव नव्हता.

दुसऱ्याच वर्षी त्यांचे पुतणे भज्जू श्याम लंडनला गेले. त्यांच्यावर कोणतेही धर्मकार्य सोपवलेले नव्हते. एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवण्याचे दोन महिन्यांचे काम होते. परतल्यावर त्यांनी जे पाहिले ते गोंडी चित्रभाषेत मांडले, आणि 2004 मध्ये चेन्नईहून ‘द लंडन जंगल बुक’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ नंतर अडुसष्ट वर्षांनी त्याच प्रधानांच्या वस्तीतून निघालेले हे परदेशाचे प्रवासवर्णन. विमान उडते, म्हणजे जणू हत्ती उडतो. कारण एवढे जड काही उडेल, हेच मुळी आश्चर्य. ठरलेल्या वेळी येऊन माणसांना नेणारी बस ही इमानी कुत्रा होते. लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्यात पहाटेची वेळ सांगणारा कोंबडा मिसळून जातो. इंग्रजांच्या गावात इंग्रजांचे निरीक्षण करणारा हा पाहुणा त्यांच्याविषयी काहीही सुचवत नाही. त्यांच्यासाठी उद्यान नको, शाळा नको. दिवसभर गप्प राहून कामाला जाणारी ही माणसे सायंकाळी कोठे जमतात, एवढे मात्र त्याने नीट पाहून ठेवले आहे. एका चित्रात लंडनचा मद्यगृहवजा अड्डा मोहाचे झाड होऊन उभा आहे, आणि रात्र पडताच त्या झाडाभोवती इंग्रज वटवाघळांसारखे घिरट्या घालीत आहेत.